एमएस की एनएमओ? रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं का?

सक्करदऱ्याची
लहान बहिणीबद्दल विचारायचं आहे, वय 31. दिवाळीच्या आधी तिला उचक्या आणि ओकाऱ्या लागल्या, काही केल्या थांबेनात. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग आपोआप गेलं. आता डाव्या डोळ्याने धूसर दिसतं. उजवा डोळा झाकला की आरशात स्वतःचं कुंकू विटकरी दिसतं म्हणते. धंतोलीत अ‍ॅडमिट आहे, सलाईनमधून स्टिरॉइड चालू आहे. एमआरआय बघून एक डॉक्टर एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार) म्हणाले. दुसरे म्हणतात, एनएमओही (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, एमएससारखा दिसणारा वेगळा आजार) असू शकतो, म्हणून रक्तातल्या अ‍ॅक्वापोरिन-4 अँटिबॉडीचा रिपोर्ट येईपर्यंत एमएसचं औषध द्यायचं नाही. घरचे म्हणून राहिले, मुंबईला हलवा, इथे नुसता वेळ चालला. थांबण्यात खरंच अर्थ आहे का?

स्लाईडवाली काकू
आहे. स्टिरॉइड थांबवायचं नाही, ते चालू आहे ते बरंच आहे. थांबायचं ते पुढे वर्षानुवर्षं घ्यायच्या औषधासाठी. इंटरफेरॉन-बीटा, फिंगोलिमोड ही एमएसची औषधं एनएमओच्या पेशंटला दिली तर आजार उलट चवताळू शकतो.

मी नागपुरातच इम्युनोफ्लुरोसन्सच्या (चमकणाऱ्या रंगाने अँटिबॉडी शोधायच्या) स्लाईड वाचत म्हातारी झाले, म्हणून या रिपोर्टामागची बाई मला जवळची वाटते. व्हांडा लेनन. मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या, काम अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकला (आपलं नागपूरचं मेयो हॉस्पिटल नव्हे बाप्पा, ते लॉर्ड मेयोच्या नावाचं). त्यांच्या लॅबमध्ये कॅन्सरसोबत येणाऱ्या अँटिबॉडी शोधायला पेशंटांचं सीरम (रक्तातल्या पेशी काढून उरलेला पातळ भाग) यायचं. उंदराच्या मेंदूच्या पातळ कापावर सीरम घाला, धुवा, चमकणारा रंग जोडलेली दुसरी अँटिबॉडी घाला, पुन्हा धुवा, आणि अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसा. काही सीरम भलतीकडेच चमकत होती, बारीक रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने. अशी चमक "बॅकग्राउंड" म्हणून सोडून देणारे पुष्कळ. यांनी ते पेशंट कोण म्हणून मागोवा घेतला, तर डोळ्याची नस आणि मज्जारज्जू, दोन्हींना सूज आलेले, म्हणजे एनएमओचे!

2004 मध्ये अमेरिकन आणि जपानी पेशंटांची सीरम तपासून ही अँटिबॉडी प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी ती चिकटते कशाला तेही कळलं: अ‍ॅक्वापोरिन-4, पेशीत पाणी ये-जा करायची वाट. डेव्हिक या फ्रेंच डॉक्टरने हा आजार 1894 लाच मांडला होता, पण तो एमएसचाच प्रकार की वेगळा, हा घोळ रक्ताच्या या तपासणीने सुटला. तुमचे डॉक्टर वाट बघताहेत ती तिचीच.

आणि त्या उचक्या! मेंदूच्या देठात उलटीचं एक केंद्र असतं, तिथे अ‍ॅक्वापोरिन-4 भरपूर. थांबता थांबत नाही अशी उचकी-ओकारी हे एनएमओचं ओळखीचं लक्षण आहे. डॉक्टरांना सांगितलं का?

सक्करदऱ्याची
नाही ना काकू! पोटाचं वेगळं आणि डोळ्याचं वेगळं असंच वाटत होतं सगळ्यांना. संध्याकाळच्या राउंडला सांगते.

वर्धारोडवाला
माझ्या मेहुण्याचा पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला होता, दुसरा पॉझिटिव्ह. मग भरवसा कशाचा?

स्लाईडवाली काकू
टेस्ट कोणत्या पद्धतीने केली ते रिपोर्टवरच लिहिलेलं असतं, बघा. एलायझा या नेहमीच्या पद्धतीपेक्षा सेल-बेस्ड (पेशींवर केलेली) टेस्ट जास्त भरवशाची. रक्तही प्लाझ्मा एक्स्चेंजच्या (रक्तातला प्लाझ्मा काढून बदलायच्या उपचाराच्या) आधी काढलेलं हवं, कारण त्यात अँटिबॉडीच बाहेर जातात. ही निगेटिव्ह आली तर मॉग अँटिबॉडीबद्दल विचारा, तो आणखी तिसरा आजार.

सक्करदऱ्याची
पॉझिटिव्ह आली तर औषध परवडेल का?

स्लाईडवाली काकू
एक्युलिझुमॅबला अमेरिकेत 2019 मध्ये या आजारासाठी मंजुरी मिळाली, पण त्याची किंमत आपल्याला ऐकायचीही सोय नाही. आपल्याकडे बरेचदा रिटुक्सिमॅब देतात. ते भारतीय कंपन्याही बनवतात, त्यामुळे खर्च त्या मानाने आटोक्यात राहतो. मुंबईचं म्हणाल तर घरच्यांना सांगा, आधी रिपोर्ट हातात येऊ द्या. आणि स्टिरॉइडने नजर सुधारत नसेल, तर प्लाझ्मा एक्स्चेंजचं डॉक्टरांना आजच विचारा, त्याला रिपोर्टची वाट बघू नका.