अनुभव धागा: बांगड्या भरलेली वंडर वुमन तुम्हाला कधी भेटली?

शिट्टीवाली बाई

मी शाळेत खेळ शिकवते. गेल्या पावसाळ्यात कबड्डीच्या सरावाला सातवीची पोरं-पोरी एकत्र होती. चढाईला आलेला एक जण निदानरेषेच्या अलीकडेच घुटमळत होता. मागून त्याच्याच संघातल्यांचं नेहमीचं सुरू झालं, "अरे बांगड्या भर, बांगड्या!" मी शिट्टी तोंडाला लावणार, तेवढ्यात समोरच्या संघातल्या, डाव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोरीनं दोन्ही मनगटं छातीपुढे फुली करून धरली. "मी भरल्यात. मार गोळी." निम्म्या पोरांना काही कळलं नाही. ज्यांना कळलं ते हसत सुटले, आणि तो बिचारा रेषा न ओलांडताच परत गेला नि बाद झाला.

तिनं ते वंडर वुमनकडून, म्हणजे कड्यांनी गोळ्या अडवणाऱ्या कॉमिक्समधल्या नायिकेकडून उचललं होतं. मला ती फक्त पोस्टरवरून माहीत होती, म्हणून त्या आठवड्यात वाचत बसले. ती पहिल्यांदा छापली गेली १९४१ साली, अमेरिकेत. लिहिणारा विल्यम मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ, चित्रं एच. जी. पीटरची. मार्स्टनची बायको एलिझाबेथ आणि ऑलिव्ह बर्न या दोघी त्याच्यासोबत एकाच घरात राहत. यातल्या ऑलिव्हच्या हातात कायम रुंद कडी असत. ती कडीच थेट कागदावर उतरली. गोष्टीत मात्र त्या कड्यांना इतिहास आहे. हर्क्युलिसनं ॲमेझॉन नावाच्या लढवय्या बायकांना, म्हणजे हिच्याच लोकांना, फसवून बेड्या घातल्या होत्या. सुटल्यावर त्यांच्या देवीनं सांगितलं, पुन्हा फसू नये म्हणून ही कडी हातात ठेवायची. त्यांनीच गोळ्या अडवायच्या. पण कुणा पुरुषानं त्या कड्यांना साखळी जोडली की ताकद संपली. आणि कडी काढूनच टाकली तर? ताकद राहते, पण बाई बेभान होते, काहीही मोडत सुटते.

हे वाचल्यापासून डोक्यात घोळतंय. आपल्याकडे बांगडी म्हणजे एकीकडे सौभाग्य, दुसरीकडे शिवी. तिच्याकडे ती ढालही आहे नि जुन्या बेडीची खूणही. तुम्हाला ही बाई कधी, कशी भेटली? आवडत नसेल तर तेही लिहा.

मिशिगनची आजी

मी लग्न होऊन इथे आले जानेवारी १९७८ मध्ये. खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ. हे सकाळी जात ते अंधार पडल्यावर येत. शुक्रवारी रात्री आठला टीव्हीवर लिंडा कार्टरची वंडर वुमन मालिका लागायची. गिरकी घेतली की लख्ख उजेड, आणि साध्या कपड्यातली बाई निळ्या-लाल पोशाखात. सगळ्यांना ती गिरकी आठवते. मला आठवते ती गिरकीच्या आधीची डायना प्रिन्स: मोठा चष्मा, आवरून बांधलेले केस, हातात फायली, आणि आपण कुठून आलो हे कुणाला सांगायची सोय नाही. आईला सोडून, जिथे सहज परत जाता येत नाही अशा बेटावरून ती आलेली. मीही तशीच. तेव्हा इथून पुण्याला फोन म्हणजे आधी ऑपरेटरला सांगायचं, मग वाट बघायची, आणि बोलायला मिळायची तीन मिनिटं. त्यातलं एक "ऐकू येतंय का" यातच जायचं. मालिका बघताना माझं इंग्रजी बरंच सुधारलं, हा वेगळा फायदा.

मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा हॅलोविनला तिला वंडर वुमनच व्हायचं होतं. दुकानातून डबा आणला. त्यात पातळ प्लास्टिकचा मुखवटा, मागे रबरी दोरी, आणि झग्यासारखं काहीतरी, ज्याच्या छातीवर वंडर वुमनचं चित्र. म्हणजे वंडर वुमननं स्वतःच्या चित्राचा शर्ट घातल्यासारखं! ऑक्टोबरअखेरची थंडी, म्हणून आत थर्मल आणि वरून जाड जाकीट. रस्त्यावर कुणाला पत्ताच नाही की ही कोण. मग प्रत्येक दारात ती आधी जाकिटाची चेन खाली ओढायची, पोशाख दाखवायची, चॉकलेट-गोळ्या घ्यायची, आणि "आई, लाव" म्हणून परत माझ्यासमोर उभी राहायची. पुढच्या दारी पुन्हा तेच. आता ती पन्नाशीकडे चाललीय. परवा नातीला चेन लावून देत होती तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो.

रद्दीतला किडा

आमच्या पिढीला मराठीतून वेताळ मिळाला, इंद्रजाल कॉमिक्समुळे. वंडर वुमन नाही मिळाली. ती मला माटुंग्याच्या फुटपाथवर सापडली, अकरावीत असताना, मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं. गंमत अशी की त्या अंकात ना मुकुट, ना दोर, ना ताकद. पांढऱ्या कपड्यातली एक बाई कराटे मारत होती. मला वाटलं दुकानदारानं भलतंच काहीतरी गळ्यात मारलं.

पुढे कळलं, की १९६८ मध्ये खप सावरायला तिची ताकदच काढून घेतली होती. ॲमेझॉन मंडळी दुसऱ्या मितीत निघून गेली, ही मागे राहिली, तिचा प्रियकर स्टीव्ह ट्रेव्हर मारला गेला, आणि हिनं कपड्यांचं दुकान टाकलं. एक आंधळा चिनी गुरू तिला मारामारी शिकवतो. वाचायला मजा येते हे मी मान्य करतो, पण विचार करा, सुपरमॅनची ताकद काढून त्याला पाच वर्षं कुणी टेलरिंगच्या दुकानात बसवलं असतं का?

१९७२ च्या जुलैत ग्लोरिया स्टाइनम आणि तिच्या सहकाऱ्यांच्या 'मिज' या स्त्रीवादी मासिकाचा पहिला नियमित अंक निघाला. मुखपृष्ठावर वंडर वुमन, जुन्या पोशाखात, रस्त्याच्या मधोमध घरांहून उंच, आणि वर लिहिलेलं की हिला राष्ट्राध्यक्ष करा. पुढच्या वर्षी कंपनीनं ताकद परत दिली. नायिकेला वाचवायला तिच्या वाचकांनी यावं लागलं, हे मला तिच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा भारी वाटतं. आणि ज्या बायकांनी तिला वाचवलं त्यांनी तिला लहानपणी वाचलेलं होतं, म्हणजे चाळीसच्या दशकात.

त्याच चाळीसच्या दशकातलं आणखी एक: नायकांच्या मंडळात तिला घेतलं, आणि काम काय दिलं, तर सेक्रेटरीचं. देवांनी घडवलेली बाई मिटिंगचं इतिवृत्त लिहितेय. आमच्या सोसायटीतही चिटणीस बाईच आहेत, असो.

काळा कोट

मार्स्टनचं नाव मी कॉमिक्सच्या आधी कायद्याच्या पुस्तकात वाचलं. खोटं बोलताना रक्तदाब वाढतो, या कल्पनेवर त्यानं चाचणी बसवली होती. पुढच्या लाय डिटेक्टरच्या मुळाशी हे काम आहे. ही कल्पना त्याला बायकोच्या बोलण्यातून सुचली, चिडलं की तिचा रक्तदाब चढतो यावरून. वॉशिंग्टनमधल्या एका खुनाच्या खटल्यात आरोपी फ्रायची त्यानं चाचणी घेतली आणि तो खरं बोलतोय असं त्याचं मत पडलं. १९२३ मध्ये अपिलाच्या न्यायालयानं हा पुरावा घ्यायला नकार दिला: ज्या क्षेत्रातलं शास्त्र आहे तिथेच त्याला सर्वसाधारण मान्यता नाही. हा निकाल पुढे कित्येक दशकं अमेरिकन न्यायालयांत कसोटी म्हणून वापरला गेला.

कोर्टात हरलेल्या माणसानं अठरा वर्षांनी एक नायिका काढली आणि लवकरच तिच्या हातात असा दोर दिला, की त्यात बांधलेला माणूस तिच्या आज्ञेबाहेर जाऊ शकत नाही आणि विचारलं तर खरं सांगून टाकतो. ना अपील, ना उलटतपासणी. मुलीला हे वाचून दाखवताना मला दरवेळी हसू फुटतं आणि तिला कारण कळत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सेल्वी प्रकरणात सांगितलं, की पॉलिग्राफ असो की नार्को, माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. तेव्हा ताई, तुमच्या बाईंचा दोर आमच्याकडे चालणार नाही. आधी सही घ्यावी लागेल.

संत्र्याचं झाड

आमच्याकडे कार्टून नेटवर्क लागायचं तेव्हा माझ्या भावाचा एकच प्रश्न असायचा: वंडर वुमनचं विमान अदृश्य आहे तर त्यात बसलेली बाई कशी काय दिसून राहिली? लोक वर पाहतील तर काय म्हणतील, बाई हवेत बसून चालली! आणि उतरल्यावर विमान कुठं ठेवलं ते हिला कसं सापडते? आमचे बाबा म्हणत, आपली लुना पार्किंगमध्ये दिसत असून सापडत नाही. बस, एवढीच आठवण.

ओसरी

मी थोडं वेगळं लिहिते. मी बायकांसोबत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघानं वंडर वुमनला महिला आणि मुलींच्या सक्षमीकरणाची मानद दूत नेमलं. समारंभाला लिंडा कार्टर आणि सिनेमातली वंडर वुमन गॅल गॅडोट दोघीही आल्या होत्या, आणि त्याच सभागृहात राष्ट्रसंघाचे काही कर्मचारी व्यासपीठाकडे पाठ करून उभे राहिले. त्याच महिन्यात महासचिवपदाची निवड झाली होती. उमेदवारांत सात बायका असूनही निवडला गेला पुरुष. खरी बाई नाही, पण चित्रातली चालेल! मी तेव्हा त्या पाठ फिरवणाऱ्यांच्या बाजूची होते, अजूनही आहे. दोन महिन्यांच्या आत तिचं दूतपद संपलं.

कपड्यांवरून झालेली टीका मला तितकी पटली नव्हती. बायकांनी काय घालावं यावर बोलणाऱ्यांचा आम्हाला रोजच अनुभव येतो. माझा राग वेगळा: शारीरिक ताकद आली की प्रश्न सुटला, असं ती सुचवते. आमच्याकडे येणाऱ्या बाईला गोळी अडवायची नसते, तिला सातबाऱ्यावर नाव हवं असतं.

एवढं लिहिल्यावर कबूल करते, की २०१७ चा सिनेमा मी दोनदा पाहिला. पुरुष सगळे खंदकात अडकलेत, सांगतात की ही जागा कुणालाच ओलांडता येत नाही, आणि ही शिडी चढून वर जाते. पहिली गोळी कड्यावर अडवते तेव्हा पुढे पळत नाही, क्षणभर स्वतःच्याच हाताकडे पाहते. शेवटची देवाबरोबरची हाणामारी कंटाळवाणी आहे, पण तेवढ्या हाताकडे बघण्यासाठी दुसरं तिकीट काढलं.

पाचवा महिना

ओसरीताई, त्याच सिनेमाचं एक: काही भाग नंतर पुन्हा चित्रित केले तेव्हा गॅल गॅडोट पाच महिन्यांची गरोदर होती. पोशाख पोटापाशी कापून तिथे हिरवं कापड लावलं आणि नंतर संगणकावर पोट पुसून टाकलं. मी हे वाचलं तेव्हा मलाही पाचवाच लागला होता, आणि ऑफिसात फाईल पोटासमोर धरून बसायचे. आमच्याकडे हिरवं कापड नव्हतं, एवढाच फरक.

हीट गन

मी कॉमिक कॉनसाठी तिचं चिलखत केलंय, तर कृती सांगते. जाड फोमशीट घ्यायची, ब्राऊन पेपरवर मापं काढून तुकडे कापायचे, हीट गननं शेकले की फोम मऊ पडतो, तेव्हाच तो मांडीवर दाबून गोलाई द्यायची. थंड झाला की तसाच राहतो. पहिले दोन तुकडे मी जास्त शेकले, पापडासारखे फुगले. कडी सर्वांत अवघड निघाली. मनगटात जायला हवी आणि हात वर केला तर कोपराकडे घसरायला नको. शेवटी आईनं आतून ब्लाउजचे हूक लावून दिले.

लोकलच्या लेडीज डब्यात मी ते चिलखत मांडीवर धरून बसले होते. समोरच्या काकू दादरपासून बघत होत्या. कुर्ल्याला विचारलं, "नाटकाचं का गं?" म्हटलं, "हो, तसंच." त्यांनी कडं हातात घेऊन उलटंपालटं केलं, हूक पाहिले आणि म्हणाल्या, "एक टाका सुटलाय." पर्समधून सुई काढून विद्याविहार यायच्या आत घालून दिला.

शिट्टीवाली बाई

वकीलसाहेब, सहीचं लक्षात ठेवते. ओसरी, तुमचं म्हणणं पटलं, पण माझ्या मैदानावर सध्या तरी मला ती हवीय. ती पोरगी आता तालुक्याच्या संघात आहे. पंच सामन्यात हातात काहीही घालू देत नाहीत, म्हणून बांगडी काढून माझ्या खिशात ठेवते.

अर्धा पेढा

आमच्याकडे नात आहे, सहा वर्षांची. तिच्या आईची पिवळी ओढणी म्हणजे सत्याचा दोर. दुपारी मला खुर्चीला बांधून चौकशी चालते. गेल्या गुरुवारी विचारलं, "आजोबा, फ्रीजमधला पेढा कोणी खाल्ला?" मला मधुमेह आहे आणि आमची ही दारातच उभी होती. मी म्हटलं, गाठ सैल आहे, दोर चालत नाहीये. तिनं गाठ घट्ट केली. "आता सांगा."

अर्धाच खाल्ला होता हो. उरलेला अर्धा कुणी खाल्ला, हे विचारायच्या आत हिनं ओढणी सोडून घेतली.