जांबोटी भागातील कुरणात रानमोडी माजली आहे आणि गवे उतरू लागले आहेत. माळ पुन्हा कसा उभा करावा?

प्रश्न: जांबोटीचा शेतकरी

नमस्कार. खानापूर तालुक्यात जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना आमची सहा एकर वडिलोपार्जित मुरमाड जमीन आहे. वरच्या अंगाला जांभ्या दगडाचा उघडा सडा, खालच्या अंगाला ओढा आणि ओढ्यापलीकडे लगेच जंगल, अशी तिची ठेवण आहे. आजोबा ती कुरण म्हणून राखत असत आणि दिवाळीनंतर गवत कापून गंज्या रचत असत. वडिलांच्या पश्चात मी नोकरीसाठी बेळगावात राहिलो आणि सात-आठ वर्षे त्या माळाकडे कोणी पाहिले नाही. आता गावी परतून चार म्हशी आणि पाच गावठी गाई सांभाळतो आहे. पण निम्म्या माळावर पुरुषभर उंचीची रानमोडीची झुडपे आहेत, कडेला घाणेरी (टणटणी) आहे आणि उरलेल्या जागेत कुसळी या टोकदार कुसळांच्या गवताखेरीज फारसे काही उगवत नाही.

कार्तिकात एके दिवशी तिन्हीसांजेला गुरे परत आणताना पुढची म्हैस एकाएकी थांबली आणि नाक फेंदारून रानमोडीकडे पाहू लागली. मला आधी काहीच दिसले नाही. मग झुडपाच्या वर कपाळाचा फिकट पट्टा आणि शिंगे दिसली. तीसेक पावलांवर गवा उभा होता. त्यानंतर त्यांचा कळप आठवड्यातून दोनदा तरी येतो. गेल्या महिन्यात तर दीड वर्षाची कालवड सायंकाळी मागे राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रानमोडीत अर्धवट खाल्लेली सापडली.

शेजारी म्हणतात की फाल्गुनात माळ पेटवून द्यावा, म्हणजे रानमोडीही जाईल आणि पालवीही फुटेल. हे खरे आहे का? गव्यांमुळे गुरांना रोग लागतात का? कुंपण घालण्याचा खर्च कामी येतो का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: गवळीवाड्यावरून

दादा, कालवड गेल्याचे वाचून वाईट वाटले. आमच्या चार पिढ्या याच रानात म्हशी राखत आल्या आहेत, म्हणून आधी पेटवण्याविषयी लिहितो: कृपा करून माळ पेटवू नका. आग वरून फिरते आणि रानमोडीचा बुंधा जमिनीत जिवंत राहतो. पहिल्या पावसात तो दुप्पट फुटवे घेऊन वर येतो. चांगल्या गवताचे बी मात्र जळते आणि कुसळीला रान मोकळे होते. जळल्यानंतर दिसणारी हिरवळ पंधरा दिवसांची असते, आणि जांभ्यावरची वीतभर माती मृगाच्या सरींबरोबर ओढ्याला जाते.

रानमोडी उपटावी लागते, आणि त्यासाठी श्रावण-भाद्रपद हा खरा काळ आहे, कारण तेव्हा जमीन ओली असते आणि झाड मुळासकट हाती येते. मार्गशीर्षात तिला फुले येतात आणि पुढे म्हातारीसारखे बी वाऱ्यावर उडते, त्यामुळे फुलण्यापूर्वी काम उरकले पाहिजे. कोयत्याने नुसते छाटलेत तर छाटलेल्या जागी चार फांद्या फुटतील. सगळा माळ एका वर्षात हाती घेऊ नका. आम्ही गोठ्याकडून सुरुवात केली, दर पावसाळ्यात एकेक पट्टा साफ केला आणि मोकळ्या झालेल्या जागी लगेच बी टाकले, कारण उघडी राहिलेली जमीन रानमोडी पुन्हा बळकावते. गवताचे बी हलके असते, म्हणून ते शेणमातीत घोळून, सावलीत वाळवून पहिल्या पावसापूर्वी विखरावे. मुरमावर पवना गवत येते, ओढ्याकडच्या खोल मातीत मारवेल गवताचे ठोंब लावावेत आणि जेथे पाणी साचत नाही तेथे स्टायलो हा शेंगवर्गीय चारा मिसळावा.

माळाचे चार भाग करा आणि त्यांतील एक भाग पूर्ण पावसाळाभर बंद ठेवा. मोठी म्हैस दिवसाला २५ ते ३० किलो हिरवा चारा खाते; नऊ जनावरे सहा एकरांवर बारा महिने मोकळी सोडली, तर बी धरायला गवत उरतच नाही. पिंजर आणि वाळल्या गवताची जोड द्यावीच लागेल.

गवताचा आणि जंगली जनावरांचा, हे तुमचे दोन प्रश्न मला एकच वाटतात. ज्या रानमोडीने गवत मारले, तिच्यातच गवा उभा राहिला आणि तिच्यातच कालवड मारली गेली. मोकळ्या माळावर म्हशीला आणि माणसाला दुरून दिसते, आणि बिबट्याला दबा धरायला जागा राहत नाही. म्हणून गुरांच्या वाटेच्या दोन्ही बाजूंची रानमोडी सर्वांत आधी काढा.

उत्तर: पशुवैद्यक, खानापूर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. गुरांच्या आरोग्याविषयी काही भर घालतो. रोग गव्यांकडून गुरांना लागतो तसा गुरांकडूनही गव्यांना लागतो. १९६८ च्या सुमारास बंदीपूर-मुदुमलाईच्या रानात बुळकांडीने मोठ्या संख्येने गवे मेले होते. तो रोग २०११ मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले, परंतु लाळ्या-खुरकूत आजही आहे आणि तो गव्यांनाही होतो. सहा महिन्यांनी मिळणारी लाळ्या-खुरकूतची लस आणि पावसाळ्यापूर्वीची घटसर्प व फऱ्याची लस चुकवू नये. ओढ्यावर गवे पाणी पितात, म्हणून गुरांसाठी गोठ्याजवळ हौद बांधलात तर जवळून गाठ पडण्याचा प्रसंगच कमी होतो.

घाणेरी सहसा गुरे खात नाहीत, पण उन्हाळ्यात चारा संपला की तोंड लावतात. मग यकृत बिघडते, डोळे पिवळे होतात आणि उन्हात कातडी सोलवटते. अशा जनावराला सावलीत बांधून लगेच उपचार करावेत. कुसळी टोके धरण्यापूर्वीच कापावी. एकदा वाळलेली कुसळे हिरड्यांत आणि डोळ्यांत रुतू लागली की जनावर भुकेले असूनही चरत नाही. मी गाईच्या जिभेखालून चिमट्याने काढलेली कुसळे मुठीत मावली नव्हती.

गोचिडांकडे दुर्लक्ष करू नका. गोचिडांमुळे माणसाला होणारा माकडताप १९५७ मध्ये शिवमोग्ग्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला आणि आता आपल्याला लागून असलेल्या सत्तरी व दोडामार्ग भागांतही त्याचे रुग्ण आढळले आहेत. गुरे त्याने आजारी पडत नाहीत, पण त्यांच्या अंगावर गोचीड पोसली जाते. डिसेंबर ते मे या काळात पालापाचोळ्यात बसू नये, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि रानात माकड मेलेले दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे.

उत्तर: कुंपणाचा अनुभव

आमचे शेत भीमगड अभयारण्याच्या बाजूला आहे. काटेरी तारेवरचा पैसा वाया गेला, कारण गवा तार मोडतो किंवा सरळ उडी मारतो. सौर कुंपणाचा उपयोग झाला, परंतु त्याची निगा राखावी लागते. त्यात प्रवाह क्षणभराच्या ठोक्यांनी येतो, त्यामुळे झटका बसतो पण जीव जात नाही. पावसात खालच्या तारेला गवत टेकले की प्रवाह जमिनीत उतरतो आणि कुंपण नावापुरते उरते, म्हणून आम्ही आषाढ ते आश्विन दर आठवड्याला खालचे गवत बेणतो. सहा एकरांना वेढा घालण्याऐवजी गोठा, गंजी आणि वैरणीचा तुकडा एवढ्यालाच ते घालावे, असे मी सुचवेन. घरातील विजेची तार थेट कुंपणाला जोडण्याचा विचारही करू नये. त्याने गुराखीही मरतो आणि गवाही, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी मारल्याचा गुन्हा लागतो.

कालवडीच्या भरपाईचा अर्ज केला आहे का? जनावर मारले गेले की ते हलवू नये, कानातील बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक दिसेल असे फोटो काढावेत, त्याच दिवशी वनखात्याला कळवून पंचनामा मागावा आणि पशुवैद्यांचा दाखला जोडावा. माझा पहिला अर्ज एका कार्यालयातून परत आला होता, कारण उताऱ्यावरील आणि आधारवरील नाव जुळत नव्हते आणि कन्नडमधील मजकूर मी वाचून न घेताच सही केली होती. दुसऱ्या वेळी जाणकाराकडून ओळ न ओळ समजावून घेतली.

प्रश्नकर्ता: जांबोटीचा शेतकरी

सर्वांचे मनापासून आभार. माळ पेटवणार नाही, हे नक्की केले. कालवडीचा पंचनामा झाला आहे. कानातील बिल्ला मात्र वेगळा पडलेला मिळाला, तो जपून ठेवला आहे. एक शंका उरते: एकटा गवा वाटेत आडवा आला, तर गुरे हाकावीत की थांबवावीत?

उत्तर: गवळीवाड्यावरून

थांबवावीत. कळप माणसाला पाहून बहुधा बाजूला होतो, पण एकटा नर हटेलच असे नाही. ओरडू नका, दगड मारू नका, आणि कुत्रे असेल तर त्याला आवरा, कारण डिवचलेल्या गव्यापासून ते पळते ते तुमच्याच पायाशी. त्याला जंगलाची बाजू मोकळी ठेवून म्हशींसह मागे सरा आणि वाट पाहा. माझा पाऊण तास एकदा असाच उभ्याने गेला होता. शक्य असेल तर दिवस मावळण्याच्या तासभर आधीच गुरे गोठ्यात घ्या, आणि लहान वासरे मागे न ठेवता म्हशींच्या मध्ये चालवा.