सिएटलची लाइट रेल रांगतेय का?
अमेरिकेतल्या सिएटलची लाइट रेल (शहरात धावणारी हलकी रेल्वे) २००९ मध्ये सुरू झाली, मग 'इतक्या वर्षांत एवढीच स्टेशनं?' असा प्रश्न विचारला जातो. अहो, गावाचा भूगोल तर बघा! बीकन हिल या टेकडीवरचं स्टेशन जमिनीखाली सुमारे १६० फूट आहे. सरकते जिने नाहीतच, लिफ्टनंच उतरायचं. माझे तर कान दडपतात. उत्तरेकडे लाइन २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठापर्यंत, २०२१ मध्ये नॉर्थगेटपर्यंत, २०२४ मध्ये लिनवूडपर्यंत गेली, हे तसं सरळ झालं. खरी गंमत पूर्वेला. तलावापलीकडच्या बेलव्ह्यू-रेडमंड या शहरांची लाइन २०२४ मध्ये सुरू झाली, तीही तेव्हा सिएटलपासून तुटलेली, कारण मधल्या लेक वॉशिंग्टन तलावाकडचं काम रखडलेलं. तिथला पूल चक्क तरंगता! पाण्याची पातळी बदलली की तो वरखाली होणार, म्हणून किनाऱ्याच्या सांध्यावर रूळही त्याच्यासोबत हलतील अशी खास जोडणी करावी लागली. हे काही खायचं काम नाही.