'१२:३० ते १ मध्ये गरम डबा' असं सांगून बसलोय, ते पाळायचं कसं? (बजेट १५ हजार)

मुक्ता_डबा
कोथरूडहून हिंजवडीला रोज ७० डबे जातात, सगळे ऑफिसात. जाहिरातीत 'गरम, १२:३० ते १' लिहिलंय. शेवटचे डबे पोचायला १:४० होतात, भाजी कोमट. डिलिव्हरीला तीन मुलं. व्हॉट्सॲपवर सकाळी १०:३० पर्यंत बदल घेतो. १५ हजारात काय घेऊ?

बावधनकर
बॅगा बदला. जाड फोमच्या, आतून फॉइल, पूर्ण चेनच्या घ्या. वेलक्रोच्या कडेने वाफ जाते. बोहरी आळीत मिळतील. आमच्या केटरिंगला त्याच आहेत, झकास चालतात.

पेठकर
तीन इलेक्ट्रिक स्कूटर घ्या. पेट्रोलचा खर्च कायमचा सुटेल.

हिशोबनीस
पेठकर, बजेट १५ हजार आहे हो. आणि स्कूटर कुठलीही असो, हिंजवडीच्या वाटेवर भूमकर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये ती थांबणारच.

ताई, डबे मोजू नका, गेट मोजा. सिक्युरिटी, फोन, माणूस लिफ्टने खाली येणं, यात ३ मिनिटं जातात. पुढच्या गेटपर्यंत २ धरा. म्हणजे अर्ध्या तासात एका मुलाची ६ गेटं, तिघांची १८. तुमचे ७० डबे १८ पेक्षा जास्त गेटांवर जात असतील तर शब्द पाळला जाणं शक्यच नाही, बॅग कितीही भारी घ्या. प्रत्येक गेटला एक माणूस ठरवा, तो सगळे डबे एकदम उतरवून घेईल. त्याला महिन्याला दोन डबे फुकट द्या, परवडतं.

आता उलटं मोजा. पहिलं गेट १२:३० ला, तर कोथरूडहून गाडी ११:३० ला सुटायला हवी आणि पॅकिंग ११:१५ ला संपायला हवं. १०:३० पर्यंत बदल घेतले की सगळ्या चिठ्ठ्या परत लावायच्या. खरी गळती तिथे आहे. बदल आदल्या रात्री ९ ला बंद करा.

अन्नपूर्णा_सातारारोड
बॅग अन्न गरम करत नाही, आहे ती उष्णता धरते. स्टीलच्या डब्यात आधी उकळतं पाणी ओता, ५ मिनिटांनी ओतून, पुसून, रस्सा उकळता असतानाच भरा. बॅगेत मोकळी जागा राहिली तर टॉवेल कोंबा. गरम जेवण ६० अंशांच्या खाली जाऊ नये. टोचायचा थर्मामीटर घ्या आणि शेवटच्या गेटवरचा डबा तपासा, पहिल्या नाही.

पोळ्या तव्यावरून थेट डब्यात घातल्या तर पाणी सुटून तळातली चिकटते. जाळीवर २ मिनिटं, मग सुती कापडात. कोशिंबीर वेगळ्या पिशवीत, नाहीतर दही आंबतं.

डब्याला ४ पोळ्या म्हणजे २८० होतात. तासाला ८० धरल्या तरी एका तव्यावर साडेतीन तास. तवे किती आहेत?

बावधनकर
बॅगा पूर्ण चेनच्याच घ्या, परत सांगतो.

औंधकर_७
एवढा खटाटोप कशाला? '१२ ते १:३०' लिहा. आणि 'हमखास गरम' वगैरे छापू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोटी हमी देणारी जाहिरात दिशाभूल करणारीच धरली जाते.

पेठकर
+१. वेळ सैल करा. डब्यासाठी कायद्यापर्यंत कोण जातंय, तो मुद्दा सोडा.

अन्नपूर्णा_सातारारोड
दीड तासाची वेळ दिलीत तर बॅगेतली भाजीही दीड तास निवणार.

मुक्ता_डबा
सर्वांचे आभार. तवा एकच आहे. वेळ सैल करणार नाही. बहुतेक ऑफिसात जेवणाची सुट्टी १ ला होते आणि लोक त्यासाठीच डबा लावतात. हिंजवडी आयटी पार्कचा फेज ३ बंद करतेय. तिथे ११ डब्यांना ७ गेटं आहेत. उरलेले ५९ डबे १६ गेटांत बसतात. नवी बॅग एकच घेईन, बाकीच्या पैशात दुसरी शेगडी-तवा आणि थर्मामीटर. बदल रात्री ९ ला बंद.

औंधकर_७
ठरलेली गिऱ्हाइकं सोडू नका! वेळ वाढवा.

हिशोबनीस
सोडा, पण फेज ३ वाल्यांना महिना संपायच्या आत कळवा आणि आगाऊ घेतलेल्यातले उरलेल्या दिवसांचे पैसे परत करा. जाहिरातीतून 'फेज ३' आजच काढा, नाहीतर उद्या तिथूनच नवीन फोन येईल.