धारावी म्हणे आपोआप बरी झाली!

माहीमकर:
काल एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं, "साथी येतात तशा जातात, धारावीत पालिकेने दिवे लावलेले नाहीत." रात्रभर डोक्यात तेच, म्हणून सविस्तर. 1 एप्रिल 2020 ला तिथे कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं; त्यांना 'घरातच वेगळे राहा' सांगणं ही चेष्टाच. म्हणून शाळा, क्रीडा संकुल ताब्यात घेतलं, दोन वेळचं जेवण तिथेच दिलं. खासगी डॉक्टर पीपीई चढवून गल्लोगल्ली ताप आणि ऑक्सिजन बघत फिरले. लवकर सापडला तो शाळेतच बरा झाला, सायन रुग्णालयाच्या खाटा अत्यवस्थांना उरल्या. यात आपोआप काय?

शंकेखोर:
झाली आरती? जुलै 2020 चा सिरो सर्वे, म्हणजे रक्ततपासणीचा, आठवतोय का? झोपडपट्टीत 57 टक्के लोकांत प्रतिपिंडं (अँटिबॉडीज), इमारतींत 16. विषाणू फिरून गेला, तुमचे डॉक्टर मागून पोचले. शिवाय कितीतरी धारावीकर तेव्हा गावी गेले होते.

माहीमकर:
तो सर्वे माटुंगा, चेंबूर, दहिसरच्या वॉर्डांतला. धारावी जी-उत्तर वॉर्डात येते. आधी नकाशा बघा.

शंकेखोर:
माटुंगा रुळांपलीकडेच आहे. विषाणू तिकीट काढून येतो का?

चाळीतली_सून:
संडासांबद्दल कुणीच का बोलत नाही? बहुतेक धारावी सार्वजनिक संडासांवर, म्हणून तिथे सारखी फवारणी चालायची. आमच्या चाळीत 14 खोल्यांना 3. सासूबाई गर्दी टाळायला पहाटे चारला उठायच्या, कडीला हात नको म्हणून काठीने सरकवायच्या. काठी अजून दाराआड आहे. साथ सरली, फवारणारे गेले, आत दिवा नाही तो नाहीच.

नाकासमोर:
घाण लोकच करतात. पालिका काय करणार?

चाळीतली_सून:
तुमच्या फ्लॅटमध्ये चार माणसांना दोन असतील ना? मग तुम्ही गप्प बसा.

नाकासमोर:
माझ्या घरात डोकवायचं कारण नाही!

माहीमकर:
विषयाला फाटे फोडू नका, प्लीज.

चाळीतली_सून:
फाटा? साथ त्याच रांगेतून पसरते हो!

शंकेखोर:
ताईंना +१. आणि खाटांचं कौतुक मला सांगू नका. मे 2020, वडिलांना रिक्षात मांडीवर टेकवून चार रुग्णालयं फिरलो. चौथ्या ठिकाणी वॉचमनने गेटच्या फटीतून बोट हलवलं, 'नाही'. तेव्हा कुठे होतं धोरण?

माहीमकर:
वाईट वाटलं. खरंच. ती वणवण थांबावी म्हणूनच जूनमध्ये 24 वॉर्डांत वॉर रूम काढल्या. फोन करा, खाट वॉर्डच ठरवणार.

शंकेखोर:
माहितीये. एप्रिल 2021 मध्ये आत्याला खाट तशीच मिळाली. रात्री साडेबाराला एका दमलेल्या मुलीचा फोन आला, रुग्णालय सांगितलं, वर 'काका, जेवलात का' विचारलं. तेवढं श्रेय घ्या, फ्रेम करून लावा भिंतीवर. बाबांच्या वेळी ती मुलगी नव्हती.

चाळीतली_सून:
त्या मुलीचा नंबर आहे का कुणाकडे? दिव्याचं तिलाच सांगते.