पणजोबांच्या जमिनीचा माग: गट नंबरच्या मागे कसं जायचं?

ओढ्याकाठचा: वाई तालुक्यातलं गाव. आजी कायम म्हणायची, "ओढ्याकाठची चिंचेची पट्टी आपली होती." आज त्या गटाच्या सातबाऱ्यावर आमच्या घरातलं कुणीच नाही. दावा वगैरे लावायचा नाही, फक्त पणजोबांचा माग काढायचाय. तलाठी म्हणतात, जुनं काही नाही. सुरुवात कुठून करू?

कागदकिडा: तलाठ्याकडे नाही, तहसीलच्या अभिलेख कक्षात जा. पण "जुना सातबारा द्या" म्हणून मागू नका, हात हलवत परत याल. गट नंबर जमिनीच्या तुकड्यांच्या एकत्रीकरणानंतरचा असतो (तो कायदाच १९४७ चा), त्याआधी सर्वे नंबर. भूमी अभिलेखकडून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) उतारा काढा, त्यात गटाचा जुना सर्वे नंबर मिळेल. मग त्या सर्वे नंबरचा हस्तलिखित सातबारा. नावांशेजारी वर्तुळात आकडे दिसतील, ते फेरफार नंबर, म्हणजे नोंदीत झालेल्या बदलांचे. खरी गोष्ट फेरफारात असते: कोण वारलं, वारस कोण, कुणी कुणाला विकलं. एका फेरफारातून मागच्या फेरफाराकडे जायचं. कंस केलेली नावं सोडू नका, ती कमी झालेली माणसं. आणि अर्ज करायच्या आधी 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर तुमचा तालुका चढलाय का बघा, खेप वाचेल.

मोडीवेडी: कडईपत्रकही (जमिनीचं जुनं नोंदपत्रक) मागा. फार मागे गेलात की मोडी लागेल. तिथे आडनाव शोधत बसू नका, "अमुक बिन तमुक", म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, असंच असतं. म्हणून आधी खापरपणजोबांचं नाव पक्कं करा. आमच्या घरी ते नाव कुणालाच सांगता येईना, शेवटी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत सापडलं.

ओढ्याकाठचा: तीन खेपा झाल्या, पण मिळालं! पणजोबा मालकाच्या रकान्यात नाहीतच, 'कूळ' म्हणून आहेत, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे. आणि १९५६ चा फेरफार: "कुळाने जमीन राजीखुशीने सोडून दिल्याची वर्दी दिलेवरून नाव कमी केले."

कागदकिडा: १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ कायद्यानं मालक झालं. त्याच्या आदल्या वर्षीची ही राजीखुशी. असे फेरफार मी ढिगानं पाहिलेत. वर्दीचा (दिलेल्या खबरीचा) मूळ कागद मिळतो का बघा, अंगठा असेल.

ओढ्याकाठचा: सोमवारी परत जातोय. आजीला काय सांगायचं, ते अजून ठरत नाही.