डेक्कनची बस भिडे पुलावर: सुपरहिरो कॅम्पेनसाठी कोणती सिस्टिम?

पेठी_फासा
फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाचा (आरपीजी) आमचा गट: पाच खेळाडू, एक जीएम (गोष्ट चालवणारा गेममास्टर), रविवारची संध्याकाळ, हातात चार तास. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे, आता पुण्यातच घडणारी सुपरहिरो कॅम्पेन (अनेक रविवार चालणारी गोष्ट) हवी आहे. माझं मत सरळ आहे: म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स (एम अँड एम), तिसरी आवृत्ती. बाकीच्या सिस्टिम एकतर सीएची परीक्षा, नाहीतर एकांकिका स्पर्धा.

कसोटीला एकच प्रसंग घेऊ. खडकवासल्यातून विसर्ग वाढलाय, भिडे पुलाला पाणी टेकलंय आणि खलनायकाने डेक्कनच्या स्टँडवरून प्रवाशांसकट पीएमपीची बस उचलून पुलावर आणून आपटलीय. बस पंधरा-सोळा टनांची धरा.

एम अँड एममध्ये याचं उत्तर तक्त्यातून मिळतं. ताकदीचा, म्हणजे स्ट्रेंग्थचा, रँक ० असेल तर ५० पौंड उचलता येतात, पुढे प्रत्येक रँकला दुप्पट. रँक ९ ला १२ टन, रँक १० ला २५ टन. म्हणजे स्ट्रेंग्थ ९ वाला बस उचलू शकत नाही, १० वाला उचलतो. किंमत रँकला २ पॉइंट, म्हणजे पात्र बांधायच्या १५० पैकी २० गेले, आणि त्याच पैशात डॅमेज १० चा ठोसाही मिळाला. वर पॉवर लेव्हलची (पात्राच्या एकूण ताकदीच्या पातळीची) मर्यादा आहेच: लेव्हल १० ला अटॅक (नेम) अधिक डॅमेज (इजा) मिळून २० च्या पुढे जात नाही, डॉज (चुकवणं) अधिक टफनेसचंही (सोसणं) तेच. त्यामुळे कोणी अचूक मारणारा करो की जोरात मारणारा, दोघंही एकाच टेबलावर नांदतात.

मुखवटा_मुठा
बस उचलता येते की नाही हे तक्ता सांगतो, मग खेळायचं काय उरलं? स्ट्रेंग्थ १० असेल तर उचलली, संपलं.

मास्क्स घ्या (मॅगपाय गेम्स, २०१६). तिथे बस किती टनांची हा प्रश्नच येत नाही. शक्ती पणाला लावायची तर दोन साधे फासे अधिक ‘फ्रीक’ हे लेबल (लेबल म्हणजे पात्र स्वतःला कसं बघतं याचा आकडा). १० किंवा वर गेलात तर काम फत्ते. ७ ते ९ आलं तर एक कंडिशन अंगावर घ्या, नाहीतर जीएम सांगेल की परिणाम डळमळीत किंवा तात्पुरता आहे: बस उचलली खरी, पण मागची काच फुटून दोघं लोंबकळतायत. ६ किंवा कमी आलं तर जीएमची पाळी, पण तुम्हाला पोटेन्शियलची एक खूण मिळते. अशा पाच खुणा झाल्या की अ‍ॅडव्हान्स. फसण्यातूनच पात्र वाढतं.

आणि इथे हिट पॉइंट (जीव किती उरला ते मोजणारे आकडे) नाहीत, पाच कंडिशन आहेत: घाबरलेला, चिडलेला, अपराधी, हताश, असुरक्षित. घाबरलात तर थेट भिडताना उणे २. हताश झालात तर शक्ती वापरताना उणे २. पाचही भरल्या आणि सहावी घ्यायची वेळ आली की तुम्ही प्रसंगातून बाद.

पुण्यासाठी तर ‘इन्फ्लुअन्स’ हा नियम मापाचा शिवलेला आहे. मोठ्या माणसांचा तुमच्यावर मुळातच इन्फ्लुअन्स असतो. आजी म्हणाली, ‘आधी बारावी कर, मग जग वाचव’, की ‘डेंजर’ (धोकादायकपणा) हे लेबल एकने खाली, ‘मन्डेन’ (साधेपणा) एकने वर. नाकारायचं असेल तर फासे टाका. फसलात तर कंडिशन घ्या आणि लेबलंही हलवून घ्या.

सेगमेंट_१२
दोघंही मूळ पुरुषाला विसरलात. चँपियन्स, १९८१. पॉइंट देऊन हवी ती शक्ती बांधायची ही रीत सुपरहिरो खेळांत रुजवली ती त्याने. एम अँड एम २००२ मध्ये आलं.

तीच बस घ्या. स्ट्रेंग्थ १० ला १०० किलो, दर ५ ला दुप्पट, म्हणजे ५० ला २५ टन. पण इथे उचलणं फुकट नाही. दर १० स्ट्रेंग्थला १ एंड्युरन्स (दम), म्हणजे ५० लावली की प्रत्येक फेजला (पात्राच्या पाळीला) ५ खर्च. बस धरून उभा राहिलेला हिरो दमत जातो. एम अँड एममध्ये तो बस डोक्यावर घेऊन लक्ष्मी रोडने गणपतीची मिरवणूक संपेपर्यंत उभा राहील, तक्त्याची काही हरकत नाही.

‘सीएची परीक्षा’ म्हणणाऱ्यांसाठी: बारा फाशांचं डॅमेज मोजायला अर्धं मिनिटही लागत नाही. दहा-दहाचे गठ्ठे करा, तो झाला स्टन (शुद्ध हरपवणारा मार). बॉडीसाठी (शरीराची खरी इजा) फाशांची संख्या, अधिक सहा किती पडले, उणे एक किती पडले. सरासरी स्टन ४२. समोरच्याचा बचाव २५ असेल तर १७ आत गेले. हे १७ त्याच्या कॉनपेक्षा (काटकपणाच्या आकड्यापेक्षा) जास्त असतील तर तो सुन्न, पुढची फेज वाया.

पेठी_फासा
गठ्ठ्यांचा त्रास नाहीच, स्पीडच्या तक्त्याचा आहे. फेरीचे बारा सेगमेंट (तुकडे), स्पीड ३ वाला ४, ८, १२ ला खेळतो, स्पीड ६ वाला प्रत्येक सम सेगमेंटला. म्हणजे एक जण दुप्पट खेळणार आणि दुसरा मोबाइल बघत बसणार.

सेगमेंट_१२
म्हणून तर पात्रं बनतानाच सांगायचं: सगळ्यांनी स्पीड ४ ते ६ मध्ये राहा. हे न सांगता खेळ सुरू केला तर दोष तक्त्याचा नाही. बाकी चँपियन्सच्या सहाव्या आवृत्तीत ४०० पॉइंट आणि त्यातले ७५ कॉम्प्लिकेशनचे (पात्राच्या अडचणींचे), हे पहिल्याच रविवारी कागदावर बसत नाही, मान्य. पहिला रविवार फक्त पात्रांसाठी ठेवा.

झेरॉक्स_पाठपोट
एम अँड एमच्या मर्यादेचं एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारते. मर्यादेच्या आत राहूनच खेळ मोडतो, त्याचं काय?

अफ्लिक्शन (समोरच्याला निकामी करणारी शक्ती), रँक १०, पर्सेप्शन रेंजची (समोरचा दिसला की पोचणारी), विलवर (मनोबळाने रोखायची). रँकला ३ पॉइंट, म्हणजे ३०. पर्सेप्शन रेंज असल्यामुळे अटॅकचा फासाच टाकावा लागत नाही, लागलीच. समोर खलनायक: फॉर्टिट्यूड (शरीराचा कणखरपणा) १४, विल ६. बेरीज २०, म्हणजे कायद्यात बसतो. त्याला विल धरून २० गाठायचेत, वीस बाजूंच्या फाशावर १४ किंवा जास्त हवेत, म्हणजे वाचण्याची शक्यता ३५ टक्के. वाईट फासा पडला तर तिसरी, म्हणजे सगळ्यात वाईट, पायरी, आणि खलनायक पहिल्याच फेरीत गाढ झोपला. बस राहिली पुलावर.

याउलट ठोशांची मारामारी रेंगाळते. अटॅक १०, डॅमेज १०, समोर पॅरी (जवळचा वार चुकवणं) १०, टफनेस १०. ५५ टक्के वेळा लागणार, त्यातही समोरच्याच्या फाशावर १५ किंवा वर पडलं की त्याला काहीच होत नाही. क्रिटिकल नसेल तर ताज्या दमाचा माणूस एका फटक्यात आडवा होतच नाही. पुढच्या बचावाला उणे एक, उणे एक साचत जातात आणि ते लिहायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

पेठी_फासा
उणे एकसाठी शेंगदाणे ठेवा समोर. थट्टा नाही, प्रत्येक माऱ्याला एक दाणा. खाल्ला तर दंड.

अफ्लिक्शनचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर पुस्तकातच उपाय आहे. जीएमने खलनायकाच्या बाजूने नियम वाकवला तर खेळाडूला हिरो पॉइंट द्यायचा. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येकाकडे एकच असतो, त्यामुळे तो लाखमोलाचा: तो खर्चून फासा पुन्हा टाकायचा, आणि हा फेरफासा १० किंवा खाली पडला तर वर १० मिळतात. शिवाय खलनायक बनवताना विल ६ ठेवणाऱ्या जीएमला काय म्हणायचं?

मुखवटा_मुठा
म्हणजे शेवटी गोष्टीसाठी आकडे बाजूला सारलेच. आम्ही ते आधीच सारले होते.

झेरॉक्स_पाठपोट
मास्क्सचंही सगळं गोड नाही. तिथे पात्रं विशी न ओलांडलेलीच हवीत, दहाही प्लेबुक (पात्रांचे तयार साचे) त्याच वयाभोवती रचलेली आहेत. चाळिशीतला निवृत्त फौजदार हिरो करायचा असेल तर इन्फ्लुअन्सची अर्धी मजा गेली. आणि टेबलावर एक जरी लाजाळू असेल तर ‘तुला आत्ता काय वाटतंय’ या प्रश्नावर सगळं अडतं. डी अँड डीवाल्यांची पाळीची सवयही मोडावी लागते, कारण इथे इनिशिएटिव्ह (आधी पाळी कोणाची हे ठरवणारा नियम) नाही. सोय एकच: प्लेबुक पाठपोट झेरॉक्स काढली की खेळाडूचं काम भागतं, पुस्तक एकट्या जीएमकडे पुरे.

नवा_भिडू
मार्व्हल मल्टिव्हर्स (२०२३) कोणीच घेत नाहीये? तीन साधे फासे, एक वेगळ्या रंगाचा, त्यावर १ पडला तर तो ६ धरायचा. हेल्थ म्हणजे रेझिलियन्स (चिवटपणा) गुणिले ३०. शिकायला सोपं वाटतंय.

सेगमेंट_१२
फासे सोपे, पॉवरची यादी लांब. आणि तिथे डॅमेजचा गुणक रँकवर (पात्राच्या पातळीवर) चालतो. रँक २ आणि रँक ५ एका टीममध्ये घातले की रँक २ वाल्याने बस रिकामी करत बसायचं. सगळ्यांना एकच रँक द्या, मग बरं चालतं.

मुखवटा_मुठा
मास्क्समध्ये बस रिकामी करणाराच प्रसंग खाऊन जातो. टीम म्हणून लढाईत उतरताना टीमच्या सामाईक साठ्यात २ येतात, हेतू एक असेल तर आणखी १, कोणाचा लीडरवर भरवसा नसेल तर १ वजा. त्यातला एक खर्चून मित्राच्या फाशाला अधिक १.

पेठी_फासा
एम अँड एममध्ये त्याला एड (मदत) म्हणतात, डीसी (गाठायचा आकडा) १०, यशस्वी झालात तर अधिक २. तुमच्यापेक्षा एक जास्तच.